पानगळीतच बर्फ पडला तर: पहिल्या थंडीची तयारी, एकेक पायरीने

उष्ण प्रदेशातून थंड प्रदेशात राहायला जाणारा माणूस धास्ती घेतो ती उणे वीसची. खरेदीही त्याच हिशेबाने होते. गुडघ्यापर्यंतचा जाडजूड कोट येतो, लोकरीची कानटोपी येते, आणि आता आपण सज्ज आहोत असं वाटतं. मग झाडांवर निम्मी पानं शिल्लक असतानाच एक दिवस सकाळी गार पाऊस लागतो, दुपारी त्याचा ओला बर्फ होतो आणि रात्री रस्त्यावर काचेसारखा थर धरतो. कोट भिजून जड होतो, बुटात पाणी शिरतं, आणि पारा शून्याच्या खाली जेमतेम एक-दोन अंश गेलेला असतानाही माणूस काकडतो.

पानगळीच्या शेवटची थंडी, म्हणजे उत्तर गोलार्धात ऑक्टोबर-नोव्हेंबरमधली आणि दक्षिण गोलार्धात एप्रिल-मेमधली, कडाक्याच्या हिवाळ्यापेक्षा फसवी असते. उणे पंधराला बर्फ कोरडा असतो, झटकला की निघतो. शून्याच्या आसपास मात्र तो अंगावर वितळतो, कपड्यात मुरतो आणि रात्री पुन्हा गोठतो. म्हणून या लेखातली सगळी तयारी एकाच हिशेबाने केली आहे: आधी ओलीपासून बचाव, मग थंडीपासून.

१. हवामानाचा अंदाज नीट वाचा

नवखा माणूस फक्त तापमान बघतो. तेवढं पुरत नाही.

किमान तापमान जमिनीचं नसतं. हवामान केंद्रातला तापमापक जमिनीपासून साधारण सव्वा ते दोन मीटर उंचीवर असतो. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन त्याहून तीन-चार अंश गार होऊ शकते. म्हणजे अंदाजात +३ लिहिलेलं असलं तरी पहाटे गवतावर आणि गाडीच्या काचेवर दहिवर गोठलेलं मिळेल. उलट मळभ असलेली रात्र उबदार जाते, कारण ढग जमिनीची उष्णता अडवून धरतात. संध्याकाळी अचानक आभाळ मोकळं झालं आणि वारा पडला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी निसरडं असणार असं धरून चाला.

वाऱ्याचा आकडा तापमानाइतकाच महत्त्वाचा. अंगाला जाणवणारी थंडी मोजण्याचं जे सूत्र कॅनडा आणि अमेरिकेने २००१ साली स्वीकारलं, त्यानुसार उणे ५ अंश तापमानात ताशी ३० किलोमीटर वारा असेल, तर उघड्या कातडीला उणे १३ इतकी थंडी जाणवते. शून्य अंशाला तोच वारा उणे ६-७ चा गारठा देतो. त्यामुळे अंदाजात 'जाणवणारं तापमान' असा वेगळा आकडा असेल, तर कपडे त्यावरून ठरवा. पण पाणी गोठेल का, पाइप फुटेल का, हे मात्र खऱ्या तापमानावरूनच ठरवा. वाऱ्याने वस्तू लवकर गार होते, हवेपेक्षा गार होत नाही.

+२ अंशालाही बर्फ पडतो. हवा कोरडी असेल तर खाली येणारा बर्फ थोडा थोडा विरतो आणि त्यात आजूबाजूची हवा गार होते. म्हणून 'शून्याच्या वर आहे, पाऊसच पडेल' या भरवशावर राहू नका.

सगळ्यात वाईट इशारा म्हणजे गोठणारा पाऊस. वरच्या थरात हवा उबदार आणि जमिनीलगत शून्याखाली असली, की थेंब द्रवरूपात येतो आणि टेकताक्षणी बर्फ होतो. फांद्या, तारा, पायऱ्या, सगळ्यावर काच चढते. हा इशारा असलेल्या दिवशी शक्य असेल तर बाहेरच पडू नका.

२. कपडे: जाडी कमी, थर जास्त

पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं. ओल्या बनियनवर कितीही जाड कोट घातला तरी हुडहुडी का भरते, याचं उत्तर यात आहे. थर तीनच, पण प्रत्येकाचं काम वेगळं:

- अंगालगतचा थर. मेरिनो लोकर किंवा पॉलिस्टर. हा घाम अंगापासून दूर नेतो. इथे सुती कापड नको. सूत पाणी धरून ठेवतं आणि सुकायला तासन्‌तास घेतं. दोन जोड तरी हवेतच, एक धुण्यात आणि एक अंगावर.
- मधला थर. फ्लीस (मऊ, लवदार कृत्रिम कापड) किंवा लोकरीचा स्वेटर. यात हवा अडकून राहते, आणि ऊब खरं तर त्या हवेची असते. म्हणून हा घट्ट नको. एका जाड स्वेटरपेक्षा दोन पातळ बरे, एक काढून ठेवता येतो.
- वरचा थर. पाणी आणि वारा दोन्ही अडवणारं, टोपी असलेलं जॅकेट. शिवणी आतून पट्टी लावून बंद केलेल्या आहेत का ते बघा. नसतील तर खांद्यावरून पाणी आत येणार.

पहिलं मोठं जॅकेट पिसांचं घेण्याची चूक फार होते. पिसं कोरड्या थंडीत उत्तम, पण भिजली की गोळा होऊन चपटी पडतात आणि ऊब जाते. शून्याच्या आसपासच्या ओल्या हवेसाठी कृत्रिम भरणाचं किंवा नुसतं पाणीरोधक जॅकेट आत थर घालून वापरा. पिसांचं जॅकेट खऱ्या हिवाळ्यासाठी ठेवा.

बूट घेताना हिवाळी मोजे घालूनच मापून बघा. पुढे अंगठ्याच्या नखाएवढी जागा मोकळी राहिली पाहिजे, बोटं हलली पाहिजेत. दोन जाड मोजे कोंबून घातले की रक्त अडतं आणि पाय अधिकच गार पडतात. तळवा मऊ रबराचा आणि खोल खाचांचा हवा. कडक प्लॅस्टिकसारखा तळवा थंडीत आणखी कडक होतो आणि घसरतो. ओले बूट रेडिएटरला, म्हणजे खोली तापवणाऱ्या भिंतीलगतच्या उपकरणाला, टेकवून वाळवू नका, चामडं तडकतं आणि तळव्याचा गोंद सुटतो. आतला तळ काढा, वर्तमानपत्राचे बोळे भरा, दोन तासांनी बोळे बदला. सकाळपर्यंत बूट बरेचसे कोरडे होतात.

हातमोज्यांचे दोन जोड बाळगा. एक ओला होतोच. पाच बोटांच्या मोज्यापेक्षा चारही बोटं एकत्र राहणारा मोजा जास्त ऊब देतो.

कानटोपीबद्दल एक गैरसमज ऐकायला मिळतो, की शरीराची निम्मी उष्णता डोक्यातून जाते. ते खरं नाही. डोक्यातून जाते ती साधारण दहावा हिस्सा. तरी टोपी घालाच, कान लवकर बधीर होतात म्हणून. पण टोपी आहे म्हणून जॅकेट पातळ चालेल, असा हिशेब करू नका.

कपडे बरोबर झाले की नाही हे दारातून बाहेर पडल्यावर कळतं. पहिली पाच मिनिटं किंचित गार वाटलं पाहिजे. दारातच उबदार वाटत असेल तर दहा मिनिटांच्या चालण्यात घाम येणार, आणि बसची वाट बघत थांबलात की तोच घाम गार पडणार.

३. घर: पहिली गोठणारी रात्र येण्याआधी

बाहेरचा नळ. बागेची किंवा गाडी धुण्याची रबरी नळी काढा. आतली झडप बंद करा, मग बाहेरचा नळ उघडून उरलेलं पाणी काढून टाका आणि नळ उघडाच ठेवा. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. बर्फाचा बूच आणि बंद नळ यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्यावर दाब वाढत जातो आणि पाइप तिथे फुटतो. फुटल्याचं कळतं मात्र बर्फ वितळल्यावर, भिंत ओली झाली की. नळी तशीच जोडून ठेवली तर झडप बंद करूनही उपयोग होत नाही, पाणी आतच अडकतं.

रेडिएटरमधली हवा. घरात गरम पाण्याचे रेडिएटर असतील आणि एखादा वरून गार, खालून गरम लागत असेल, तर आत हवा साठली आहे. हीटिंग बंद करून रेडिएटर गार होऊ द्या. वरच्या कोपऱ्यातल्या छोट्या चौकोनी खिळीला चावी लावा, खाली फडकं धरा आणि चावी घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा फिरवा. सूं असा आवाज येत राहील. आवाज थांबून पाण्याची धार आली की लगेच बंद करा. मग बॉयलरवरचा, म्हणजे रेडिएटरसाठी पाणी तापवणाऱ्या यंत्रावरचा, दाब बघा. घरगुती बॉयलर गार असताना तो बहुधा १ ते १.५ बारच्या दरम्यान असावा लागतो, नेमका आकडा तुमच्या बॉयलरच्या पुस्तिकेत असतो. हवा काढल्यावर दाब उतरतो आणि काही बॉयलर त्यामुळे चालूच होत नाहीत. भाड्याच्या घरात हे आधी घरमालकाला विचारून करा.

तापमान किती ठेवायचं? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शनानुसार थंड हंगामात घरात किमान १८ अंश असावेत. म्हातारी माणसं, तान्ही मुलं किंवा आजारी कोणी असेल तर त्याहून जास्त. बाहेरगावी जाताना हीटिंग पूर्ण बंद करू नका, १२-१३ अंशांवर ठेवून जा. वाचलेल्या बिलापेक्षा फुटलेला पाइप महागात पडतो.

खिडकीवरचं पाणी. सकाळी काचेच्या खालच्या कडेला थेंबांची रांग दिसते, ते चौकटीत उतरतात, आणि महिन्याभरात तिथे काळी बुरशी धरते. २१ अंशांच्या खोलीत ५० टक्के आर्द्रता असेल तर १० अंशांखालच्या कोणत्याही पृष्ठभागावर पाणी सुटतं, आणि एकेरी काच तेवढी गार सहज होते. उपाय म्हणजे आंघोळ आणि स्वयंपाकानंतर दोन खिडक्या समोरासमोर पाच-दहा मिनिटं सताड उघडा आणि मग बंद करा. एक खिडकी दिवसभर किलकिली ठेवण्यापेक्षा हे चांगलं, कारण हवा बदलते पण भिंती गार होत नाहीत. धुतलेले कपडे खोलीत वाळत घालायचेच असतील तर दार लावून, खिडकी थोडी उघडी ठेवून.

कडक थंडीत प्रश्न उलटा होतो. शून्य अंशाची, आर्द्रतेने पूर्ण भरलेली हवासुद्धा घनमीटरला फक्त ४.८ ग्रॅम वाफ धरते. तीच हवा आत येऊन २० अंशांवर तापली की आर्द्रता २८ टक्क्यांवर उतरते. ओठ फुटणं, नाकातून रक्त येणं, घसा खवखवणं हे त्यामुळेच. स्वस्तातला आर्द्रतामापक घेऊन ठेवा आणि ३० ते ५० टक्क्यांच्या मध्ये राहायचा प्रयत्न करा.

कार्बन मोनॉक्साइड. इंधन जळताना निघणाऱ्या या विषारी वायूला वास नसतो, रंग नसतो. गॅसचा बॉयलर, लाकडाची शेगडी किंवा कोणतंही इंधन जळणारं उपकरण घरात असेल तर त्याचा अलार्म लावा आणि बटण दाबून चालतो का बघा. वीज गेली म्हणून कोळशाची शेगडी, बार्बेक्यू किंवा जनरेटर घरात किंवा बंद गॅरेजमध्ये कधीही, अगदी पाच मिनिटांसाठीही पेटवू नका. डोकं दुखणं, मळमळ, गरगरणं हे घरातल्या दोघा-तिघांना एकदम होऊ लागलं तर सगळ्यांनी आधी बाहेर पडा, मग फोन करा.

वीज जाईल असं धरून चाला. पानं असलेल्या झाडावर ओला बर्फ पडला की फांद्यांना भार पेलत नाही. २०११ च्या ऑक्टोबरअखेर अमेरिकेच्या ईशान्य भागात नेमकं हेच झालं. झाडं तारांवर पडली आणि तीस लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली, काहींची कित्येक दिवस. म्हणून टॉर्च, भरलेली पॉवर बँक, गोधड्या किंवा ब्लँकेटं, दोन-तीन दिवसांचं पिण्याचं पाणी आणि न शिजवता खाता येईल असं काही घरात असू द्या. वीज गेली की सगळ्यांनी एकाच छोट्या खोलीत जमा, दार लावा, फटीत टॉवेल घाला. वाकलेल्या फांदीखाली उभं राहू नका आणि पडलेल्या तारेच्या जवळपासही जाऊ नका.

४. चालणं

शून्याच्या लगतचा बर्फ सगळ्यात निसरडा, कारण त्याच्यावर पाण्याचा पातळ थर असतो. त्यातही पानगळीत फुटपाथवर ओल्या पानांचा थर असतो, त्यावर बर्फ पडतो, आणि पाय पडतो तो या दोन्हींवर.

पावलं आखूड टाका. टाच आधी न टेकता पूर्ण तळवा एकदम टेकवा आणि वजन पुढच्या पायावर घ्या. हात खिशात नको, तोल सावरायला ते मोकळे हवेत. पायऱ्या उतरताना कठडा धरा, आणि पिशवी पाठीवर घ्या म्हणजे दोन्ही हात सुटे राहतील. बसमधून उतरताना पहिलं पाऊल हमखास फसतं, तिथे थांबून उतरा.

घसरण्याच्या ठरलेल्या जागा: पूल, सावलीतला फुटपाथ, लोखंडी झाकणं, रस्त्यावरचे रंगवलेले पट्टे, आणि दुकानांच्या दारातली फरशी. बुटाला चढवायचे खिळेरी पट्टे बाहेर चांगले काम देतात, पण गुळगुळीत फरशीवर तेच घसरतात. दारात काढून ठेवा.

५. बर्फ उपसणं

बर्फ हलका दिसतो, पण वजन मोजा. १० सेंटिमीटर कोरड्या ताज्या बर्फाचं साधारण १ सेंटिमीटर पाणी होतं, म्हणजे चौरस मीटरला १० किलो. पानगळीतला ओला बर्फ याच्या दुप्पट भरतो. ३ बाय ८ मीटरच्या वाटेवर १० सेंटिमीटर ओला बर्फ म्हणजे जवळजवळ ४८० किलो, आणि ते तुम्ही फावड्याने हलवणार आहात.

त्यामुळे बर्फ पडत असतानाच दर पाच-सात सेंटिमीटरला एक हात फिरवा. उचलण्यापेक्षा ढकला. उचलावंच लागलं तर अर्धं फावडं भरा, गुडघे वाकवा, कंबर पिळून मागे टाकू नका. उठल्याउठल्या किंवा भरल्यापोटी हे काम नको. थंडीत रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात आणि हातांच्या जोरकस कामाने हृदयावर ताण एकदम चढतो. हृदयविकार, रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्यांनी आणि बैठ्या सवयीच्या वयस्कर माणसांनी हे काम दुसऱ्याला सांगावं. छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणं, धाप यांपैकी काहीही जाणवलं तर फावडं तिथेच टाका आणि आपत्कालीन मदत बोलवा.

मीठ बर्फ काढून झाल्यावर टाकायचं, बर्फावर नाही. चौरस मीटरला एक मोठा चमचा पुरतो. पांढरा थर दिसेपर्यंत ओतलं तर जास्त वितळत नाही, फक्त बाग आणि काँक्रीट खराब होतं. उणे ९ च्या खाली साधं मीठ जवळपास काम करत नाही, तिथे वाळू किंवा बारीक खडी टाका. गरम पाणी ओतून बर्फ वितळवू नका. थोड्याच वेळात त्याच पाण्याची काच होते, आणि ती आधीच्या बर्फापेक्षा वाईट.

६. गाडी

गाडी नसेल तर हा भाग सोडून द्या. असेल तर टायरपासून सुरुवात करा. ७ अंशांखाली उन्हाळी टायरचं रबर कडक होऊ लागतं आणि पकड जाते. त्यामुळे पहिल्या बर्फाची वाट न बघता सरासरी तापमान सातच्या आसपास आलं की हिवाळी टायर चढवा. बाजूवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असं चिन्ह हवं. चारही बदला. फक्त पुढचे दोन बदलले तर वळणावर गाडीची शेपूट सुटते. खाच किमान ४ मिलिमीटर. तापमान ५-६ अंशांनी उतरलं की टायरचा दाब साधारण १ पीएसआयने उतरतो, म्हणून पहिल्या गारठ्यात हवा तपासा.

काच धुण्याच्या बाटलीत साधं पाणी ठेवणं ही नवख्यांची ठरलेली चूक. ते बाटलीतच गोठतं, किंवा चालत्या गाडीच्या काचेवर गोठून समोरचं काही दिसेनासं होतं. हिवाळी द्रव भरा. कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवात, पाणी आणि गोठणरोधक निम्मं-निम्मं असेल तर ते साधारण उणे ३७ पर्यंत टिकतं. बॅटरी चार-पाच वर्षांची झाली असेल तर गॅरेजमध्ये तपासून घ्या.

निघण्याआधी फक्त ड्रायव्हरसमोर वीतभर गोल खरवडून चालत नाही. सगळ्या काचा, दिवे आणि छतही साफ करा. छतावरचा बर्फ ब्रेक लावला की घसरून समोरच्या काचेवर येतो. काचेवर गरम पाणी ओतू नका, तडा जातो.

आता अंतराचा हिशेब. ताशी ५० किलोमीटर वेगाने ब्रेक दाबल्यावर कोरड्या डांबरावर गाडी सुमारे १४ मीटरमध्ये थांबते. काचेसारख्या बर्फावर तिला १०० मीटरच्या आसपास लागतात. यात तुमचा प्रतिक्रियेचा वेळ धरलेलाच नाही. इंजिन चारही चाकं फिरवतं अशी गाडी सुटते लवकर, थांबत मात्र लवकर नाही.

रस्त्यावरचा न दिसणारा बर्फ ओळखायची एक खूण आहे. रस्ता ओला दिसतोय, पण समोरच्या गाडीच्या चाकांतून तुषार उडत नाहीत, तर ते पाणी नाही. अॅक्सिलरेटरवरचा पाय हळूच काढा, ब्रेक जोरात मारू नका, स्टिअरिंग झटकू नका. पूल सगळ्यात आधी गोठतात, कारण त्यांना खालूनही गार हवा लागते.

गाडीत असावं: खरवडणी आणि ब्रश, छोटं फावडं, जाड ब्लँकेट, टॉर्च, हातमोज्यांचा जोड, बॅटरी जोडायच्या केबल, थोडी वाळू, फोनचा चार्जर, पाणी आणि सुका खाऊ. टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका. बर्फात अडकलात तर गाडीतच थांबा. इंजिन तासाला दहा मिनिटं चालवा, पण दर वेळी आधी उतरून धुराच्या नळीभोवतीचा बर्फ काढा, नाहीतर विषारी वायू आत शिरतो.

७. हाताशी ठेवायची कागदपत्रं

भाडेकरार काढून तीन गोष्टी वाचा: फुटपाथवरचा बर्फ कोणी काढायचा, बॉयलरची देखभाल कोणाकडे, आणि पाइप फुटल्यास नुकसान कोणाचं. काही शहरांत घरापुढचा फुटपाथ ठरावीक तासांत साफ न केल्यास दंड होतो आणि तो रहिवाशाकडून घेतला जातो. करारात लिहिलेलं नसेल तर घरमालकाला लेखी विचारा. घराच्या, गाडीच्या आणि आरोग्याच्या विम्याचे क्रमांक, वीज आणि गॅस कंपनीचे तातडीचे नंबर हे कागदावरही लिहून ठेवा. गारठ्यात फोनची बॅटरी भराभर उतरते. फोन आतल्या खिशात, अंगाजवळ ठेवा.

८. थंडी अंगाला बाधली तर

शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांखाली गेलं की धोका सुरू होतो, आणि भिजलेल्या माणसाला तो शून्याच्या वर, +५ लासुद्धा येतो. आधी कुडकुडणं. मग बोटांनी चेन लावता येत नाही, बोलणं जड होतं, चालताना अडखळायला होतं, माणूस उगाच चिडतो किंवा 'मला काही होत नाही' म्हणतो. कुडकुडणं थांबलं पण माणूस उबेत गेलेला नाही, तर ही सुधारणा नाही, हा सगळ्यात गंभीर टप्पा आहे. लगेच आपत्कालीन मदत बोलवा.

तोवर त्याला आडोशाला घ्या, ओले कपडे काढा, कोरड्या ब्लँकेटात गुंडाळा. ऊब छाती, मान आणि काखांना द्या, हातापायांना आधी नको. शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तर गरम गोड पेय द्या. दारू कधीच नको, तिने अंग तापल्यासारखं वाटतं पण शरीर उष्णता वेगाने गमावतं.

बोटं, कान, नाकाचा शेंडा पांढरट, मेणचट आणि बधीर झाले तर चोळू नका, बर्फाने तर मुळीच नाही. पुन्हा गारठ्यात जायची वेळ येणार नाही अशी खात्री असेल तेव्हाच ३७ ते ३९ अंशांच्या कोमट पाण्यात धरा. बधीर बोटाला पाण्याची धग कळत नाही, म्हणून पाणी दुसऱ्याने कोपराने तपासावं. फोड आले किंवा बधिरपणा गेला नाही तर डॉक्टर.

९. मळभ आणि उजेड

कपडे आणि टायरची तयारी सगळे करतात, उजेडाची फार थोडे. पण नव्याने आलेल्या माणसाला नोव्हेंबरमध्ये खचवतं ते बहुतेक वेळा आभाळच.

पानगळीच्या शेवटी सूर्य खाली असतो. गार, जड हवा जमिनीलगत बसते आणि वर उबदार हवेचं झाकण पडतं. समुद्र आणि तलाव अजून उबदार असल्याने वाफ देत राहतात. झाकणाखाली करड्या ढगांची चादर तयार होते आणि कमजोर ऊन तिला विरघळवू शकत नाही. ती दिवसेंदिवस हलत नाही. दिवसही झपाट्याने आखडतो: ६० अंश अक्षांशावर डिसेंबरच्या मध्याला तो सहा तासांहूनही कमी असतो, ५० अंशांवर सुमारे आठ तास.

बाहेर कितीही उदास दिसलं तरी मळभाच्या दुपारी तिथे १,००० लक्सहून (लक्स हे उजेड मोजायचं एकक) अधिक उजेड असतो. घरातल्या दिव्यांखाली तो १०० ते ३०० च असतो. म्हणून पहिला आणि फुकटचा उपाय म्हणजे रोज सकाळी, उजाडल्यावर अर्धा तास बाहेर चालणं, ऊन नसलं तरी. दरीत किंवा सखल भागात राहत असाल तर सुट्टीच्या दिवशी जवळचा डोंगर चढून बघा. ढगांचं झाकण पुष्कळदा काहीशे मीटरवरच असतं आणि वर लख्ख ऊन मिळतं. घरात कामाचं टेबल खिडकीला लावा, जाड पडदे दिवसा पूर्ण बाजूला सारा.

दर हिवाळ्यात येणाऱ्या नैराश्याचं शास्त्रीय वर्णन १९८४ साली अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ मेंटल हेल्थमधल्या नॉर्मन रोझेन्थल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं. त्यावर वापरला जाणारा प्रकाशदिवा १०,००० लक्सचा असतो. घेताना बघायच्या गोष्टी दोन: अतिनील किरण गाळलेले आहेत का, आणि १०,००० लक्स हा आकडा किती अंतरावरचा आहे. छोट्या दिव्यांत तो आकडा चेहऱ्यापासून वीतभर अंतरावरच मिळतो, आणि तसं बसणं जमत नाही. उठल्यावर तासाभरात २० ते ३० मिनिटं, दिवा थोडा बाजूला ठेवून बसा. वाचा, चहा घ्या, पण त्याच्याकडे टक लावून बघू नका. संध्याकाळी वापरला तर झोप उडते. द्विध्रुवी (बायपोलर) विकार किंवा डोळ्यांच्या पडद्याचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय दिवा सुरू करू नका.

ड जीवनसत्त्वाचंही बघा. वरच्या अक्षांशांवर हिवाळ्यातल्या उन्हात ते तयार करणारे किरण जवळपास नसतातच, आणि सावळ्या कातडीला त्यासाठी ऊन जास्त वेळ लागतं. ब्रिटनमध्ये पानगळ आणि हिवाळ्यात रोज १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ४०० युनिट, घ्यायचा सल्ला सर्वांना दिला जातो. मोठे डोस रक्त तपासल्याशिवाय नकोत.

दोन आठवडे सलग झोप वाढली आहे, गोडधोड खायची ओढ आहे, कामात मन नाही, माणसं टाळावीशी वाटतात, असं झालं तर 'हवाच तशी आहे' म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांकडे जा. जगणं नकोसं वाटण्याचा विचार एकदा जरी आला तरी दोन आठवडेही थांबू नका, त्याच दिवशी कोणाला तरी सांगा. दिव्याने आराम पडला तर बरं वाटलं म्हणून मध्येच बंद करू नका, काही दिवसांत सुस्ती परत येते. दिवस पुन्हा पुरेसा मोठा होईपर्यंत रोज चालू ठेवा. पुढच्या वर्षी तोच दिवा लक्षणांची वाट न बघता, पानगळ सुरू होताच काढा.